गावठाणातील घर व त्याचा हक्क
शेताचा सातबारा शेतकरी जपून ठेवतो. परंतु ज्या घरात तो ठेवलेला असतो, त्या घराच्या जागेचा पुरावा पुष्कळांपाशी नसतो. गावठाणातील घरजागेस सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा होय; केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे बहुधा भाऊबंदकी कोर्टात गेल्यावरच ध्यानात येते! २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देतात. मोजणीपूर्वी हद्दीवर चुन्याची रेघ आखली जाते व वरून घेतलेल्या चित्रांत ती दिसते. म्हणून त्या दिवशी घरधन्याने जातीने हजर राहावे; परडे, गोठा व सामाईक बोळ यांच्या हद्दी शेजाऱ्यांसमक्ष दाखवाव्यात. चौकशीच्या वेळी जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे सादर करावीत.