डोंगरावरचा देव आणि आपला दम

माघ संपत आला की आष्टा आणि आसपासच्या गावांत चैत्री यात्रेची बोलणी सुरू होतात. कोणाचा नवस फेडायचा असतो, कोणाच्या घरचे कुलदैवतच जोतिबा असते, तर कोणी मित्रमंडळींच्या आग्रहाखातर तयार झालेला असतो. याच दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, औंदा चालत जावं म्हणतोय. जमंल का?" विचारणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. खिशात ब्लडप्रेशरची किंवा शुगरची गोळी असते आणि मनात देवाला दिलेला शब्द असतो. आजचा लेख या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

प्रथमच सांगतो, माझे उत्तर सहसा "जमेल" असेच असते. फक्त तयारी आजपासून करायला हवी, आणि वाटेत शरीर जे सांगेल ते ऐकायची तयारी हवी.

आपण राहतो कृष्णा आणि वारणा यांच्यामधल्या सपाट काळ्या रानात. ऊस उंच झाला की नजर बांधापलीकडे जात नाही. आपले देव मात्र उंचावर बसले आहेत. जोतिबा वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवर. शंभूमहादेव शिखर शिंगणापूरला. मल्लिकार्जुन येडेनिपाणीच्या डोंगरावर, दंडोबा मिरजेच्या पूर्वेला, काळूबाई मांढरदेवच्या माथ्यावर. जोतिबाचे सध्याचे मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधले. त्यानंतर किती पिढ्या तो डोंगर चढल्या असतील! त्यांना आरोग्यासाठी व्यायाम करा असे कोणी सांगितले नव्हते. वर्षातून एकदा घर, शेत, भाऊबंदकी, कर्ज हे सारे खाली ठेवायचे, घाम गाळत वर जायचे आणि वरून आपला मुलूख पाहायचा, ही रीत त्यांनी घालून दिली.

मोकळ्या रानाचा गुण

आज शास्त्रज्ञ या रीतीचा गुण मोजून पाहत आहेत. जपानच्या वन खात्याने १९८२ साली लोकांनी जंगलात जाऊन शांत फिरावे म्हणून 'वनस्नान' ही कल्पना मांडली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली काही निरोगी माणसांना दीड तास चालायला लावले, काहींना झाडीतून आणि काहींना रहदारीच्या रस्त्याकडेने. झाडीतून चाललेल्यांच्या मनातले तेच ते कुढणे कमी झालेले आढळले. रहदारीकडेने चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसले, की आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. निसर्गात गेल्यामुळेच प्रकृती सुधारली, एवढे यावरून सिद्ध होत नाही. तरी आठवड्याला दोन तास हे कोणालाही न परवडणारे औषध नव्हे.

त्यासाठी दूरही जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या टेकड्या धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धडपडीतून हिरव्या झाल्या आणि १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. देवराष्ट्रेच्या बाजूची जुनी देवळे आणि माणसांनी उभे केलेले जंगल एकाच फेरीत पाहता येते.

डोंगर खोटे बोलत नाही

आता डॉक्टर म्हणून जे मुख्य सांगायचे ते सांगतो. सपाटीवर राहणाऱ्या माणसाला आपल्या हृदयाची ताकद कळतच नाही. घरापासून चौकापर्यंत, चौकातून मोटारसायकलवर शेतापर्यंत, एवढ्यात हृदयाला कसले कष्ट? चढाला लागले की मात्र ते आपले खरे रूप दाखवते.

वर दम लागला की लोक म्हणतात, "उंचावर हवा विरळ असते हो." हा मोठा गैरसमज आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या, म्हणजे सुमारे आठ हजार फुटांच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तेही १,६४६ मीटरच आहे. जोतिबा तर त्याहूनही खाली. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, तेथली गोष्ट वेगळी. म्हणून जोतिबाच्या वाटेवर छातीत दाब आला, तर दोष हवेला देऊ नका.

एक उदाहरण सांगतो, नावगाव सांगत नाही. बावन्न वर्षांचे एक शेतकरी. यात्रेत चढाला लागले की छातीवर कोणी पाय ठेवल्यासारखे व्हायचे, पाच मिनिटे बसले की जायचे. "पित्त झालं" म्हणून ते सोडा पिऊन पुढे चालत. दोन वर्षे असे चालले. दवाखान्यात झोपवून काढलेला ई.सी.जी. चांगला आला. तरीही त्यांना सांगलीला पट्ट्यावर चालवून ई.सी.जी. काढायला पाठवले, तेव्हा हृदयाच्या रक्तपुरवठ्यातला दोष दिसला. वेळेवर उपचार झाले. आज ते शेतात काम करतात.

श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा छातीचा दाब म्हणजे बहुधा अंजायना. तो कधी गळ्याला, जबड्याला, डाव्या हाताला जाणवतो. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत कधी नुसता दम आणि गळून जाणे एवढेच असते. आरामात काढलेला ई.सी.जी. चांगला आला म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. आणि बसूनही काही मिनिटांत दाब गेला नाही, घाम फुटला, तर देवाला तेथूनच हात जोडावेत आणि १०८ ला फोन करावा.

कैलास-मानसरोवरची यात्रा २०२० पासून खंडित होती, ती २०२५ साली पुन्हा सुरू झाली. भारत सरकारमार्फत त्या यात्रेला जाणाऱ्याची आधी दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते. अमरनाथला जाण्यासाठीही डॉक्टरांचा दाखला लागतो. जोतिबाच्या पायथ्याला मात्र असा दाखला कोणी मागत नाही. म्हणून ही तपासणी आपली आपणच करून घ्यायची. चाळिशी ओलांडलेल्यांनी निघण्यापूर्वी ब्लडप्रेशर आणि शुगर पाहून घ्यावी. चढाला त्रास होत असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये.

चांगभलंची कसोटी

चालण्याची गती किती असावी? यासाठी घड्याळ नको, यंत्र नको. चढता चढता "जोतिबाच्या नावानं चांगभलं" हे एका दमात, न अडखळता म्हणता आले तर गती बरोबर आहे. मध्ये श्वास घ्यावा लागला तर पावले आखूड करा. तरीही म्हणता येईना, तर थांबा. बरोबरची तरणी पोरे पुढे गेली तरी जाऊ द्या. देवळात पहिला येणाऱ्याला वेगळा प्रसाद मिळत नाही.

तयारी सहा आठवड्यांची पुरे. पहिल्या आठवड्यात रोज वीस मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. महिनाभराने, काही त्रास नसेल तर, एखाद्या रविवारी सकाळी मल्लिकार्जुनाचा डोंगर चढून पाहावा. नवे पायताण यात्रेच्या दिवशी प्रथम घालू नये. उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून हाती काठी घ्यावी आणि पाऊल लहान टाकावे.

मधुमेह्यांना तीन सूचना. उपवास धरून आणि शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन चढू नका. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची खूण, म्हणून खिशात साखर किंवा गूळ ठेवा. त्या दिवशी औषध किती व केव्हा घ्यायचे, हे आधी विचारून घ्या. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर देवाची माफी मागून तो बदला. बधिर तळव्याला तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि तेवढ्यावरून पाय गमावण्याची वेळ येते. देवळात जाड सुती मोजे घाला आणि रात्री तळवे उजेडात पाहा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या यात्रेतही मनाने बंद करू नयेत.

चैत्राचे ऊन हा दुसरा शत्रू. पहाटे निघावे, नऊनंतर सावली धरावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बरोबर ठेवावे. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र आधी विचारावे. कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. दमेकऱ्यांनी गुलाल उधळत असताना नाकातोंडाला रुमाल बांधावा आणि पंप खिशात ठेवावा.

गर्दी टाळूनही देव भेटतो

२५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आग यांत अडीचशेहून अधिक भाविक प्राणास मुकले. ते दुःख सातारा-सांगलीकर विसरलेले नाहीत. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि हृदयरुग्ण यांनी पौर्णिमा आणि रविवार सोडून साध्या वारी जावे. दवण्याचा वास तेव्हाही येतो, आणि दर्शन अधिक शांतपणे होते.

वर पोहोचल्यावर लगेच परतू नका. मोबाईल बंद करून अर्धा तास कड्याशेजारच्या सावलीत बसा. श्वास हळूहळू शांत होतो तो पाहा. पुष्कळ रुग्णांना मी विचारतो, झोप कशी लागते, काळजी कसली आहे, आणि त्यांना उत्तर देता येत नाही, कारण स्वतःकडे पाहायला वेळच मिळालेला नसतो. तो अर्धा तास त्यासाठी आहे. ज्यांना चढणे अशक्य आहे त्यांच्यासाठी वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे. त्यांनी गाडीने जावे, पण हा अर्धा तास चुकवू नये.

चैत्री पौर्णिमेला अजून सुमारे सहा आठवडे आहेत. उद्या सकाळी वीस मिनिटे चालून या. यात्रा तेथूनच सुरू झाली असे समजा.