शंभर डाइव्ह झाल्या, आता एकट्याने उतरू का?

प्रवाळ, मासे, समुद्रतळावरचे जीव यांचा अभ्यास करायचा म्हणून ज्यांनी पीएचडीचे अर्ज भरायला घेतलेत, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. पण मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा वैद्यक घेणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण प्रश्न मुळात मोजमापाचा आहे. एखादा माणूस एखाद्या कामाला ‘तयार’ आहे हे ठरवायचं कसं? आणि ठरवताना चूक झाली तर ती कुणाला, किती महागात पडणार?

स्कूबा डायव्हिंगमध्ये पहिल्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसवतात: पाण्यात जोडीने उतरायचं. या जोडीदाराला सगळीकडे ‘बडी’च म्हणतात. पण एकट्याने उतरण्याचेही अधिकृत कोर्स आहेत. पाडी या संस्थेचा ‘सेल्फ रिलायंट डायव्हर’ कोर्स करायला वय किमान १८ लागतं. एसडीआयच्या ‘सोलो डायव्हर’साठी २१ लागतं. वयाच्या अटी वेगळ्या असल्या तरी दोघांकडेही लॉगबुकात १०० डाइव्ह मागतात.

हा शंभराचा आकडा आला कुठून? शंभर ही गोल संख्या आहे, लक्षात राहते, तपासायला सोपी आहे, बस्स. नव्व्याण्णवाव्या आणि शंभराव्या डाइव्हमध्ये माणसात काही बदलत नाही. संशोधनाच्या भाषेत हा ‘प्रॉक्सी’ झाला: जे मोजायचंय ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्या जवळचं, मोजता येण्यासारखं काहीतरी मोजायचं. प्रॉक्सी वापरणं वाईट नाही, पण तो कुठे फसतो ते आधी माहीत असावं.

दोन लॉगबुकं समोर ठेवा. एकात शंभर डाइव्ह आहेत, सगळ्या ८-१० मीटरवरच्या, स्वच्छ पाण्यात, गाईडच्या मागे मागे. हवा किती उरली हे गाईडने विचारायचं आणि याने बोटांनी सांगायचं. दुसऱ्यात साठच आहेत, पण निम्म्या मालवणच्या गढूळ पाण्यात, प्रवाहात, हातात ट्रान्सेक्टची टेप आणि पाटी घेऊन. आकडा पहिल्याला पास करतो. मी बोटीवर असेन तर दुसऱ्यावर भरवसा ठेवेन. अनुभवाची लांबी आणि अनुभवाचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लॉगबुकाच्या बेरजेत फक्त पहिली दिसते.

अनुभव एका प्रकारच्या पाण्यातून दुसऱ्या प्रकारच्या पाण्यात आपोआप जात नाही, याचं कॉनराड लिम्बॉहइतकं कडू उदाहरण मला दुसरं माहीत नाही. अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेत संशोधकांसाठी डायव्हिंगचं पद्धतशीर प्रशिक्षण ज्यांनी उभं केलं, त्यांत हा माणूस पुढे होता. १९६० मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये कॅसिसजवळ पाण्याने भरलेल्या भुयारात त्याचा मृत्यू झाला. ज्यांच्या हाताखाली दुसरे शिकले, अशांपैकी तो एक होता. पण खुला समुद्र वेगळा आणि डोक्यावर दगडाचं छत असलेलं पाणी वेगळं.

मग ‘एकट्याने उतरणं किती धोक्याचं’ हे आकडेवारीवरूनच का ठरवू नये? प्रयत्न करून बघा, लगेच अडाल. एकट्याने किती डाइव्ह केल्या जातात याची नोंद कुठेच होत नाही. अपघात मोजता येतात, पण भागायचं कशाने? शिवाय ‘मृत्यूच्या वेळी एकटा होता’ या रकान्यात दोन अगदी वेगळी माणसं येऊन बसतात: एक ठरवून, तयारीनिशी एकटा उतरलेला आणि दुसरा बडीपासून चुकलेला. दुसऱ्याकडे ना राखीव हवा, ना एकटं राहण्याची सवय. दोघांना एका आकड्यात घातलं की तो आकडा काहीच सांगत नाही. प्रबंधात वर्गवारी करताना हे उदाहरण आठवा.

मृत्यूंचा अभ्यास मात्र एका बाबतीत उपयोगी पडतो: सुरुवात कशाने झाली ते कळतं. डेनोबल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९४७ मनोरंजनात्मक डायव्हिंग मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे पहिलं कारण शोधता आलं, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत ते होतं हवा अपुरी पडणं. २० टक्क्यांत अडकणं, १५ टक्क्यांत उपकरणातला बिघाड. म्हणजे आता प्रश्न बदलून विचारता येतो. ‘हा माणूस तयार आहे का’ असं न विचारता विचारायचं: बडी जी कामं करतो त्यातलं प्रत्येक काम हा माणूस स्वतः कशाने करणार आहे?

पहिलं काम हवेचं. इथे गणित करायलाच लागतं, आणि ते दहावीचंच आहे. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारला भरलं की त्यात साधारण २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर तुम्ही मिनिटाला २० लिटर घेत असाल, तर १८ मीटरवर दाब २.८ बार असल्यामुळे ५६ लिटर लागते, ३० मीटरवर ८०. आता समजा मुख्य रेग्युलेटर बंद पडला. बडी असता तर त्याचा दुसरा रेग्युलेटर तोंडात घातला असता. एकटे असाल तर पाठीवरचं छोटं राखीव सिलिंडर, ज्याला पोनी म्हणतात, तेच तुमचा बडी. ३ लिटरचं पोनी २०० बारला भरलं तर ६०० लिटर. पुरेल?

घाबरलेला माणूस दुप्पट श्वास घेतो असं धरा, मिनिटाला ४० लिटर. १८ मीटरवर परिस्थिती समजून घ्यायला एक मिनिट: ११२ लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगाने वर येताना दोन मिनिटं, सरासरी दाब १.९ बार: १५२ लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: १८० लिटर. एकूण ४४४. पुरतं, थोडं उरतंही. हेच ३० मीटरवरून करा. पहिलं मिनिट १६०, वर येताना साधारण ३३३, थांबा १८०. बेरीज ६७३. तेच पोनी, तोच माणूस, पण आता पुरत नाही. थांबा सोडून दिला तर जेमतेम वर याल.

म्हणजे ‘एकट्याने डाइव्ह करायला तयार’ हे वाक्यच अपुरं आहे. किती खोलीवर, कुठल्या पाण्यात, कुठलं काम करताना, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि ते ४० लिटर मी धरलेत. तुमचा आकडा तुम्ही मोजायचा: दमलेले असताना, प्रवाहाविरुद्ध पोहताना, आणि एकदा नव्हे, निदान आठ-दहा डाइव्हवर. एकाच निरंकुश सुंदर दिवशी मोजलेला आकडा म्हणजे एकाच नमुन्यावर काढलेला निष्कर्ष.

अडकण्याचं काम आपल्याकडे जास्त खरं आहे. कोकण किनाऱ्यावर खडकांना तुटलेली जाळी लटकलेली असतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत. दोन कापायची साधनं हवीत, आणि प्रत्येक हाताला निदान एक पोचायला हवं. मांडीला बांधलेला मोठा सुरा फोटोत छान दिसतो. हात पाठीमागे अडकला की त्याचा काय उपयोग, ते बोटीवरच करून बघा. मास्क निघून गेला तर बिनमास्कचं पोहून वर येता येतं का, हेही असंच तपासायचं. तेही कुणीतरी अचानक सांगितल्यावर, कारण मनाची तयारी करून दिलेली परीक्षा दुसरंच काहीतरी मोजते.

बडीचं एक काम मात्र कुठल्याच उपकरणाने भरून निघत नाही: शुद्ध हरपलेल्या माणसाला वर नेणं. त्याच अभ्यासात माणूस निकामी होण्याच्या कारणांमध्ये हृदयविकाराचा वाटा २६ टक्के होता. शुद्ध गेलेल्याला पोनी तोंडात घालता येत नाही. नायट्रोजनच्या गुंगीचंही तसंच. ३० मीटरच्या आसपास डोकं मंद होतं, आणि मंद झालेल्या डोक्यालाच ‘मी मंद झालोय’ हे ओळखायचं असतं. एकट्याने उतरणाऱ्याने हा धोका घालवलेला नसतो, फक्त स्वीकारलेला असतो. तो स्वीकारायचा की नाही, यावर मोठ्या माणसांनी आपापलं मत ठेवावं. पण घरच्या माणसांना न सांगता स्वीकारू नये, असं माझं मत.

आता तुमच्या बाबतीत हे कुठे येणार? हौशी डायव्हर ठरवून एकटा उतरतो. संशोधक घसरत घसरत एकटा होतो. सहा ट्रान्सेक्ट झालेत, दोन उरलेत, बडीला होडीवर उलट्या होतायत, भाडं दिलेलं आहे, तांडेल म्हणतो उद्या वारा वाढणार. ‘दहाच मीटर तर आहे.’ त्या दिवशी काही होत नाही, आणि तेच वाईट. पुढच्या वेळी दहाचे चौदा होतात. चॅलेंजर यानाच्या अपघाताचा अभ्यास करताना डायन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की नियमापासूनचं छोटं विचलन काही न बिघडता पार पडलं की तेच हळूहळू नेहमीचं होऊन बसतं. त्यांचं पुस्तक १९९६ चं आहे. फील्डवर्क करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, यानांशी काही घेणंदेणं नसलं तरी.

म्हणूनच संशोधकांच्या डायव्हिंगचे नियम वेगळे लिहिलेले असतात. अमेरिकेतल्या ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेस’च्या मानकांत संशोधक डायव्हरला १०० तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि जोडीने उतरणं हेच मूळ गृहीतक आहे. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची अधिकारांची मांडणी. डाइव्ह थांबवण्याचा अधिकार डायव्हिंग सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतो. ज्याला डेटा हवाय, त्या प्रकल्पप्रमुखाच्या मर्जीवर ते सोडलेलं नसतं. आणि परिस्थिती ठीक वाटत नसेल तर उतरायला नकार देणं ही डायव्हरची स्वतःची जबाबदारी मानली आहे. व्यावसायिक पाणबुडे पुष्कळदा पाण्यात एकटेच असतात हे खरं, पण त्यांना वरून नळीने हवा येते, बोलायला तार असते आणि काठावर दुसरा पाणबुडा कपडे चढवून बसलेला असतो. त्याला एकटं म्हणता येत नाही.

प्रवेशाच्या मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं विचारतात, तेव्हा बहुतेक जण शिष्यवृत्ती कधी जमा होते ते विचारतात. ते विचाराच. त्याबरोबर हेही विचारा: फील्डवर बडी आजारी पडला तर त्या दिवसाचं काम रद्द करण्याचा शब्द कुणाचा चालतो, आणि त्या दिवसाचं होडीचं भाडं कुठल्या खात्यातून जातं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार नसेल, तर पहिल्याचं कितीही छान असलं तरी ते कागदावरच राहण्याची शक्यता जास्त.