खोटा संगमरवर, खरं कसब

बाथरूमला संगमरवराचा थाट हवाय, पण संगमरवर नकोय? मग रंगवून टाका! ही युक्ती पेंट कंपन्यांच्या कॅटलॉगमधून आलेली नाही. इ.स. ७९ मध्ये पॉम्पेई शहर व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, तेव्हाच ती तिथे जुनी झाली होती. तिथल्या ‘हाउस ऑफ द फॉन’मध्ये गिलाव्याला दगडी चिऱ्यांसारखे उठाव देऊन वर संगमरवराचे रंग चढवले आहेत. मालकाला पैशांची चणचण होती म्हणावं, तर त्याच घरातलं अलेक्झांडरचं मोझेक दहा लाखांहून अधिक तुकड्यांचं आहे!

पॉम्पेईतल्या फोरमजवळच्या सार्वजनिक स्नानगृहात तर टेक्स्चरला कामालाच लावलं होतं. गरम दालनाच्या कमानदार छताला गिलाव्याच्या पन्हळी आहेत. दिसायला नक्षी, पण वाफेचं पाणी त्या पन्हळींतून भिंतीकडे ओघळायचं. आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर गार थेंब नाही!

चौदा शतकांनंतरची गंमत व्हॅटिकनमधली. कार्डिनल बिब्बिएना यांचं तिथलं छोटंसं न्हाणीघर १५१६ मध्ये राफाएलच्या चित्रशाळेने रंगवलं. विषय? संतमहंत नव्हे, व्हीनस आणि क्युपिड.

पण बाथरूमच्या भिंतींचा खरा राजा मोरोक्कोत आहे: मराकेशचा ताडेलाक्त. चुन्याचा गिलावा, तोही हमामात चालणारा आणि ना टाइल, ना वॉर्निश. गिलावा ओलसर असतानाच कारागीर गुळगुळीत दगडाने तो गोल गोल घोटतो. मग ऑलिव्ह तेलाच्या काळ्या साबणाचं पाणी लावतो आणि पुन्हा घोटतो. साबणातली स्निग्धाम्लं चुन्याशी जुळतात आणि पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. ही रासायनिक क्रिया आपल्या घरीही रोज चालते बरं का! बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा साका धरतो ना, तो याच जातीचा. आपण जो घासून घासून काढतो, त्याच्याच जोरावर मराकेशचे लोक भिंत जलरोधक करतात.

आणखी एक. चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि संगमरवर मुख्यतः तेच असतो. म्हणजे चुना घोटून केलेल्या ‘नकली’ संगमरवराला रसायनशास्त्र नकली म्हणत नाही.

नुसत्या रंगातून दगड उभा करणाऱ्यांचं हत्यार ऐकाल तर चकित व्हाल: पक्ष्याचं पीस! ओल्या रंगावर पिसाची कड टेकवायची, हात किंचित थरथरवत ओढायची, मध्येच पीस वळवायचं. रेघ कुठे जाड, कुठे केसाएवढी, कुठे गायब. मग मऊ ब्रश हलकेच फिरवून कडा धूसर करायच्या. एकाच जाडीच्या, एकाच अंतरावरच्या रेघा आल्या की नवशिका तिथेच पकडला जातो. लाकडाच्या रेषा काढायला तर इंग्लंडचे कारागीर रंग चक्क बिअरमध्ये कालवायचे. त्यांच्यातला उस्ताद थॉमस कर्शॉ. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या रंगवलेल्या लाकडा-दगडांना बक्षीस मिळालं.

इतक्या लांब कशाला जायचं? गोवा-कोकणातली कावी बघा. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबूस थर चढवायचा आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा रंग वर आणायचा. देवळांच्या भिंतींवर या वेलबुट्ट्या आजही आहेत. आरशाभोवती कावीची एक पट्टी काढली, तर कुठल्याही इटालियन टेक्स्चरपेक्षा ती मला देखणी वाटेल.

घरी हात साफ करायचा असेल तर स्पंजपासून सुरुवात करा. फिकट रंग वाळू द्या, त्यावर थोडा गडद रंग ओलसर स्पंजने टिपत जा आणि दर टिपणीला मनगट वळवा, नाहीतर एकच ठसा भिंतभर उमटतो. नैसर्गिक समुद्री स्पंज मिळाला तर उत्तम, त्याची छिद्रं वेडीवाकडी असतात. मात्र हे सगळं कोरड्या बाजूला. शॉवरचं पाणी थेट पडतं तिथे साधा टेक्स्चर पेंट नकोच. खडबडीत पोत तर साबणाचा मळ धरून ठेवतो. आणि भिंतीत मुळातच ओल असेल, तर आधी गळती बंद करा. त्याशिवाय लांबी भरून, प्रायमर मारून काहीही उपयोग नाही, पोपडे धरणारच.

चुन्याचा घोटीव गिलावा केलाच, तर घरात येणाऱ्या सफाईवाल्यांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा: ॲसिडची बाटली या भिंतीपासून लांब. ॲसिड चुन्याला खातं, आणि घोटून आणलेली चकाकी एका फटक्यात जाते. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा नको. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.