वरातीच्या बँडला गावचं गाणं द्या!

लगीनसराईत कामरगावात वरात निघाली, की बँडमध्ये हत्तीच्या सोंडेसारखं वर वळलेलं एक पिवळंधमक वाद्य तुम्ही पाहिलंच असेल. तोच सॅक्सोफोन. अंग पितळेचं, पण आवाज उमटतो तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या पातळ पट्टीतून. म्हणून जाणकार त्याला तुतारीच्या नव्हे, तर सनई-क्लॅरिनेटच्या गोतात धरतात. अडॉल्फ साक्स या बेल्जियमच्या कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड असं करत करत ते आपल्या लग्नमांडवात आलं.

आपले बँडवाले वाजवतात काय? बहुतेक सिनेमाची गाणी. मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांनी हिंदी चित्रपटांत वाजवलेला सॅक्सोफोन रेडिओवरून खेडोपाडी पोचला आणि बँडमास्तरांनी तो नुसत्या कानाने उचलला. यात कमीपणा काहीच नाही. पण आज तेच गाणं डीजे कितीतरी मोठ्याने वाजवतो. मग 'बँड कशाला सांगायचा?' असं यजमान म्हणतो. चार महिन्यांच्या हंगामावर ज्यांची चूल पेटते, त्या वाजवणाऱ्यांनी काय करावं?

याचं एक उत्तर दूरच्या मुलुखातून येतं. इंग्लंडमध्ये लिंकनशायर नावाचा शेतीवाडीचा परगणा आहे. पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला संगीतकार १९०५-०६ च्या सुमारास तिथे गेला. म्हाताऱ्या गावकऱ्यांकडून त्याने जुनी गाणी म्हणवून घेतली, मेणाच्या नळकांड्यांवर ती मुद्रित केली. पुढे १९३७ साली त्याच गाण्यांवरून त्याने बँडसाठी 'लिंकनशायर पोझी' ही सहा भागांची रचना बांधली. त्यात सॅक्सोफोनही आहेत. गाणारा जिथे लय ओढायचा, जिथे ठेका मोडायचा, ते त्याने सरळ केलं नाही, तसंच ठेवलं. आज देशोदेशींचे बँड ती रचना वाजवतात.

एवढ्या लांब जायचं नसेल, तर शेजारच्या कर्नाटकात पाहा. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) हे नादस्वरम वाजवणाऱ्याचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकून त्यांना त्याचा ध्यास लागला. कर्नाटक संगीतातल्या गमका निघाव्यात म्हणून त्यांनी वाद्यात फेरफार केले. १९९४ साली ते लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवून आले, २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बँडचं वाद्य त्यांनी मैफिलीत बसवलं, ते आपल्या मातीचं संगीत वाजवून.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. आपल्याकडे काय कमी आहे? जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, दंडार, गोंधळ, पोळ्याच्या झडत्या! झडती एकजण म्हणतो आणि सारा जमाव गजर करतो. हीच तऱ्हा बँडला लावून पाहा: म्हणणारा सॅक्सोफोन, गजर करणारे ट्रम्पेट, खाली ढोल. भुलाबाईच्या गाण्याची चाल छोटी, पुन्हा पुन्हा येणारी. क्लॅरिनेटवर ती सहज बसेल. ओवीला मात्र ठेक्यात कोंबू नका. जात्याच्या फेऱ्यासारखी तिला चालू द्या.

हे करायला मोठा खर्च लागत नाही. घरातल्या आजीजवळ बसा, मोबाईलवर तिचं गाणं भरून घ्या आणि बँडमास्तरला ऐकवा. नाहीतरी तो कानानेच शिकतो. पाच मिनिटांचा एक तुकडा आधी बसू द्या. पोळ्याला तोरणाखाली किंवा कोजागिरीला देवळापुढे तो वाजवून घ्या, आणि कबूल केलेली बिदागी हातावर ठेवा. फुकटात करून घेऊ नका.

पण लवकर करा. पिठाची गिरणी आली तेव्हाच जातं कोपऱ्यात गेलं. ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या आता मोजक्या उरल्या, आणि क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवर बोटं फिरणारे हातही कमी होत चालले. डीजेवर सिनेमाची गाणी हवी तितकी मिळतील. तुमच्या आजीची ओवी त्यात नाही. ती बँडवर आणायची असेल, तर यंदाच्या लग्नाची सुपारी देतानाच बँडमास्तरपाशी गोष्ट काढा.