गरिबांची घरे व सरकारचे प्रयत्न

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतून आगगाडीने जाताना झोपड्यांच्या रांगा आपणां सर्वांच्या दृष्टीस पडतात. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे बृहन्मुंबईतील दर १०० माणसांपैकी सुमारे ४२ माणसे अशा वस्त्यांत राहत होती. ही माणसे आळशी नव्हेत. घरकाम, गवंडीकाम, हमाली यांपैकी काही ना काही ती करीत असतात. परंतु त्या मजुरीत पोट भरते, मुंबईची जमीन मिळत नाही. म्हणून सरकारला यात लक्ष घालावे लागते. ते कोणकोणत्या रीतींनी घातले गेले, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिली रीत म्हणजे सरकारने स्वतः घरे बांधून ती भाड्याने देणे. १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. परंतु भाडे कामगारांस परवडेना व वरळी तर गिरण्यांपासून दूर. त्यामुळे पुष्कळ खोल्या काही वर्षे रिकाम्याच राहिल्या. १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ झाले. घाटकोपरचे पंतनगर व विक्रोळीचे कन्नमवारनगर ही त्याच्याच कामाची फळे होत. १९७७ साली या मंडळांची जागा म्हाडाने घेतली.

दुसरी रीत, आहे त्या वस्तीतच पाणी, दिवे व शौचकूप पुरविण्याची. १९७१ चा झोपडपट्टी कायदा या कामी आधार झाला. १९७६ साली झोपड्यांची गणती होऊन राहणाऱ्यांस ओळखपत्रेही मिळाली.

तिसरी रीत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणामार्फत चालू आहे. बांधकाम करणाऱ्याने झोपडीवाल्यांस त्याच जागी उंच इमारतीत फुकट घरे द्यावयाची आणि त्याबद्दल सरकारने दिलेल्या वाढीव चटईक्षेत्रावर दुसरी घरे बांधून, ती बाजारभावाने विकून, आपला खर्च व नफा काढावयाचा. आरंभी हे घर २२५ चौरस फुटांचे होते. आता ते ३०० चौरस फुटांचे झाले आहे. मात्र घर फुकट मिळाले, तरी पाण्याचा पंप, उद्वाहक व झाडलोट यांचा मासिक खर्च चुकत नाही. शिवाय १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल त्यासच ते फुकट मिळते. त्यानंतर २०११ च्या आरंभापर्यंत आलेल्यांस अडीच लाख रुपये भरावे लागतात. माळ्यावर भाड्याने राहणारा मजूर, जो सर्वांत गरीब, तो बहुधा यादीबाहेरच राहतो.

बोरिवलीचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तेथील राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हलविण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. १९९५ च्या मतदारयादीत ज्यांची नावे होती, त्यांस ७,००० रुपये भरल्यास अन्यत्र जागा मिळावयाची होती. प्रथम कल्याणनजीकचे शिरढोण सुचविण्यात आले. पण ज्या बाईस पहाटे बोरिवलीतील चार घरची भांडी घासावयाची, तिने तेथून यावे कसे? लोकांनी जाण्याचे नाकारले, आणि पुढे पवईजवळच्या चांदिवली येथे हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले. त्या वसाहतीस संघर्षनगर असे नाव पडले.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. नुसत्या चार भिंती म्हणजे घर नव्हे. ते कामापासून किती दूर आहे, त्याचा मासिक खर्च झेपेल काय, आणि यादीत कोणाचे नाव राहून गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कोणत्याही योजनेची परीक्षा पुरी होत नाही. नव्या योजनेची बातमी वर्तमानपत्रात वाचनात येईल, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी आकडा किती मोठा आहे एवढेच न पाहता हे प्रश्न विचारावेत, आणि पालकांनी त्यांची चर्चा घरी मुलांबरोबर करावी. त्यांतील तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या वतीने तो विचारणारे बहुधा कोणी नसते.