धार्मिक अतिरेकवाद आणि स्त्रिया

स्वमताचा धर्मार्थ हाच एकमेव सत्य मानून तो बळाने इतरांवर लादू पाहणाऱ्या चळवळी स्त्रीचे स्वातंत्र्य प्रायः संकुचित करतात. त्यामुळे त्यांत सामील होणारी स्त्री फसवली गेली असावी किंवा पतीमागोमाग गेली असावी, असे गृहीत धरले जाते. काहींच्या बाबतीत हे खरे असले, तरी एकंदरीत ते अपुरे आहे. जर्मनीतील म्यून्स्टर येथे १५३४ मध्ये ॲनाबॅप्टिस्ट पंथीयांनी सत्ता घेतली, तेव्हा अनेक स्त्रियांनी स्वेच्छेने दीक्षा घेतली होती; त्याच वर्षी त्यांच्यावर बहुपत्नीकत्व लादण्यात आले.

अलीकडील ठळक उदाहरण ‘इस्लामिक स्टेट’ या संघटनेचे होय. तिने जून २०१४ मध्ये खिलाफतीची घोषणा केली. इराक व सिरियात गेलेल्या परदेशीयांत चार हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. पश्चिम यूरोपातील मुस्लिम तरुणींपैकी अनेकींची दुहेरी कोंडी झालेली होती. बाहेर शिरोवस्त्रामुळे संशय व अवहेलना (फ्रान्सने २००४ मध्ये ते सरकारी शाळांत निषिद्ध केले), तर घरी पिता व भावांची देखरेख. पारंपरिक धर्मशास्त्रानुसार स्त्रीच्या दूरच्या प्रवासास निकटच्या पुरुष नातलगाची सोबत लागते. हिजरतीस हा नियम लागू नाही, असे संघटनेचे प्रचारक सांगत. एकटीने घर सोडणे, पालकांच्या संमतीविना विवाह करणे ही एरव्ही बंडखोरी ठरली असती. येथे ते धर्मकर्तव्य ठरले. या आकर्षणाचे मर्म बहुधा येथेच आहे.

प्रत्यक्षात अविवाहित स्त्रियांना स्वतंत्र निवासांत ठेवले जाई व तेथून सुटकेचा मार्ग सामान्यतः विवाह हाच असे. संघटनेच्या समर्थक स्त्रियांनी जानेवारी २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या अरबी पुस्तिकेत मुलींना नवव्या वर्षापासून विवाहयोग्य मानून गृह हेच स्त्रीचे स्थान सांगितले होते. राक्का येथील अल्-खन्सा या स्त्रीपथकात मात्र काही स्थानिक स्त्रिया वेतनासाठी वा कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी शिरल्या. त्यांची कारणे वेगळी होती.

या स्त्रिया केवळ बळी नव्हत्या. काहींनी यझिदी स्त्रियांना व मुलांना दास्यात ठेवले. दास्यात ठेवलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात तहानेने मरू दिल्याबद्दल म्यूनिकच्या न्यायालयाने २०२१ मध्ये एका जर्मन स्त्रीस दहा वर्षांची शिक्षा दिली. ती पुढे चौदा वर्षांची झाली.

मार्च २०१९ मध्ये संघटनेचा सिरियातील शेवटचा प्रदेश गेल्यावर अल्-होल छावणीत सत्तर हजारांवर लोक, मुख्यतः स्त्रिया व मुले, जमा झाले. फ्रान्स व जर्मनीने पुढे काहींना परत आणून खटले चालविले. लंडनहून फेब्रुवारी २०१५ मध्ये निघालेल्या तीन शाळकरी मुलींपैकी एकीचे नागरिकत्व ब्रिटनने २०१९ मध्ये काढून घेतले. जाताना ती पंधरा वर्षांची होती. तिला लैंगिक शोषणासाठी नेले गेल्याची साधार शंका न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये मान्य केली, तथापि नागरिकत्वाचा निर्णय कायम ठेवला.