केरळात मृत्यूदर जास्त कसा?

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकड्यांनुसार केरळात हजार लोकांमागे ७ मृत्यू झाले, बिहारमध्ये ५.४. त्याच वर्षी हजार जन्मांमागे दगावणारी अर्भके मात्र केरळात ६, बिहारमध्ये २७. म्हणजे नुसत्या मृत्यूदरावरून बिहार अधिक निरोगी म्हणणे साफ चूक.

मेख वयात आहे. २०२१ च्या अंदाजानुसार साठी ओलांडलेले केरळात १६.५ टक्के, बिहारमध्ये ७.७ टक्के. समजा, दोन्हीकडे साठीपुढचा मृत्यूदर हजारी ४० आणि साठीआतला हजारी ३, अगदी सारखाच धरला. तरी एकूण दर केरळात ९.१ आणि बिहारमध्ये ५.८ निघतो!

म्हणून वय-समायोजित दर काढतात. प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा, दोन्ही राज्यांचे दर एकाच ‘प्रमाण लोकसंख्ये’ला लावायचे आणि येणाऱ्या मृत्यूंच्या बेरजेला त्या लोकसंख्येने भागायचे. जागतिक आरोग्य संघटनेची अशी प्रमाण लोकसंख्या आहे. कर्करोगाच्या नोंदींत मात्र जपानच्या मित्सुओ सेगी यांनी १९६० मध्ये मांडलेली, पुढे थोडी सुधारलेली लोकसंख्या चालते. प्रमाण लोकसंख्या बदलली की दरही बदलतो, तेव्हा दोन तक्ते शेजारी ठेवण्याआधी तळटीप वाचायलाच हवी.

वय-समायोजित दर फक्त तुलनेसाठी. रुग्णालयात खाटा किती लागतील, हे ठरवताना साधा दरच घ्यावा. केरळातल्या म्हाताऱ्या माणसांना उपचार प्रत्यक्षात लागतातच.